राइडची वेळ हुकू नये म्हणून: नागपूरहून ऑर्लँडोला निघालेल्यांसाठी

नागपुरात फोनवर 'निघालोच' म्हणणारा माणूस अजून टॉवेल शोधत असतो, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. बर्डीवर सहाला भेटायचं ठरलं आणि कोणी साडेसहाला पोचला, तर तो वेळेवर आला असं आपण धरतो. हाच हिशेब घेऊन फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला गेलात, तर पैसे भरून घेतलेली राइडची वेळ निघून जाते आणि भर उन्हात साध्या रांगेत उभं राहावं लागतं. मुलगा किंवा लेक तिकडे आहे म्हणून आजी-आजोबा आणि नातवंडांसह सात-आठ जणांचा लवाजमा घेऊन निघणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. दोघंच जाणार असाल तर यातलं अर्धं तुम्हाला लागणार नाही.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. डिस्नेने १९९९ मध्ये 'फास्टपास' आणला. मशीनमधून कागदी चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावर छापलेल्या तासात परत येऊन साध्या रांगेऐवजी वेगळ्या छोट्या रांगेतून आत जायचं. चिठ्ठीवर शेवटची वेळ असायची, पण २०१२ च्या मार्चपर्यंत ऑर्लँडोत ती कोणी फारशी बघत नसे. सकाळी अकराची चिठ्ठी संध्याकाळी दाखवली तरी आत सोडत. मग ही सूट बंद झाली. २०२१ मध्ये फास्टपासऐवजी पैसे मोजून घ्यायची 'जिनी प्लस' आली आणि २०२४ च्या जुलैपासून त्याच पैसे भरून घ्यायच्या पासांची 'लायटनिंग लेन मल्टी पास' (अनेक राइडसाठी) आणि 'सिंगल पास' (एकाच राइडसाठी) ही नावं चालू आहेत. पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं नंतर चालतं, असं तिकडे राहणारे नातेवाईक सांगतील. ते त्यांच्या जुन्या अनुभवातून सांगतात. तुम्ही मात्र डिस्नेच्या ॲपवर दिसणारी वेळच खरी धरा आणि वरची पंधरा मिनिटं नाहीतच असं समजा.

हे लोक एवढे कडक का, तेही कळून घ्या, म्हणजे दारावर वाद घालावासा वाटणार नाही. एका राइडमध्ये तासाला ठरावीकच माणसं बसतात. त्यातल्या बऱ्याच जागा पासवाल्यांसाठी धरून बाकीच्या साध्या रांगेला देतात. अकरा वाजताचे, बाराचे आणि एकचे पासवाले जेवणं आटोपून तीनला एकदम आले, तर तीनच्या लोकांनी जायचं कुठे? ताडोब्याला पहाटेच्या सफारीसाठी अंधारात घर सोडणारा माणूस गेटवर 'दहा मिनिटं इकडेतिकडे' म्हणत नाही. तीच शिस्त इथे लावायची.

आता तयारीचं बघू. घरातल्या प्रत्येकाचं तिकीट एकाच माणसाच्या ॲपमध्ये जोडून घ्या. हा माणूस वयाने मोठा असायलाच हवा असं नाही, चिडचिड न करणारा हवा. बुकिंग ऑर्लँडोच्या सकाळी सातला उघडतं. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर मुक्कामाच्या सात दिवस आधी, नाहीतर पार्कच्या दिवसाच्या तीन दिवस आधी. सात दिवसवाले बहुतेक अजून नागपुरातच असतील, तेव्हा घड्याळ नीट बघा. उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. चहाच्या वेळेला बुकिंग, यापेक्षा सोयीचं काय असणार? तीन दिवसवाले तोवर मुलाच्या घरी पोचलेले असतात. तो न्यू जर्सीत असेल तर सातच, डॅलसला असेल तर सहा, कॅलिफोर्नियात असेल तर पहाटे चार. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून ठेवायचं तेवढं विसरू नका.

मल्टी पासमध्ये आधीच तीन राइड निवडता येतात. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांमध्ये राइडचे दोन गट केलेले आहेत, पहिल्या गटातली एकच मिळते. 'अवतार'च्या 'फ्लाइट ऑफ पॅसेज'सारख्या फार मागणीच्या राइडसाठी वेगळा सिंगल पास लागतो. उंचीची अट आधी बघा. स्पेस माउंटनला ४४ इंच, म्हणजे साधारण ११२ सेंटिमीटर लागतात. नातू घरीच दाराच्या चौकटीला उभा करून मोजा. तिथे दारावर मोजल्यावर जे रडणं होतं, त्यात दिलेली वेळ आरामात निघून जाते.

खरी गोम पुढे आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. दिलेली वेळ पार्कच्या गेटची नसते, राइडच्या दारावर टॅप करायची, म्हणजे तिथल्या यंत्राला फोन किंवा कार्ड लावायची असते. म्हणून हिशेब उलटा करायचा, राइडपासून घराकडे. मॅजिक किंगडमचंच घ्या. गाडी लावली की पार्क समोर येत नाही. मध्ये तळं आहे, ते बोटीने किंवा मोनोरेलने ओलांडावं लागतं. त्याआधी बॅगा तपासतात, मग गेटवर तिकीट आणि मग राइडपर्यंतची चाल. साडेदहा ते साडेअकराची वेळ असेल, तर मी गाडी साडेआठला पार्किंगमध्ये उभी करीन. जास्तच सावध वाटतंय? कुटुंबाचा वेग आजीच्या गुडघ्यांवर ठरतो, नातवाच्या पायांवर नाही. फुटाळ्याला एक संध्याकाळ सगळ्यांना सोबत चालवून बघा. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली, तो आकडा घेऊनच ॲप उघडा.

मी स्वतः यात फसलो आहे. परदेशातल्याच एका पार्कात आमची वेळ संपायला वीस मिनिटं होती, राइड समोर दिसत होती, आणि एवढ्यात आमच्या काकूंना आठवलं की सगळ्यांचा एक फोटो राहिलाय. फोटो झाला, मग पाणी झालं, मग एक जण बाथरूमला गेला. दारावरच्या मुलीने हसून नाही म्हटलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: वेळ सुरू होण्याआधी बाथरूम, राइड झाल्यावर फोटो.

टॅप प्रत्येकाने आपापलं करायचं असतं. बहुतेक ठिकाणी एक टॅप दारावर आणि दुसरा आत रांगा मिळतात तिथे होतो. वेळ पहिल्या टॅपला मोजतात, म्हणून आत पंधरा मिनिटं थांबावं लागलं तरी घाबरू नका. ज्यांच्याकडे तिकडे चालणारा फोन नाही, त्यांच्यासाठी तिकिटाचं प्लॅस्टिक कार्ड करून घ्या आणि दोरीने गळ्यात अडकवा. खिशात ठेवलेलं कार्ड ऐन वेळी दुसऱ्या पॅन्टमध्ये सापडतं. सगळ्यांचा जीव एका फोनवर असतो, तेव्हा पॉवर बँकही हवी.

तीन वेळा एकाला एक लागून घेऊ नका. पहिली शक्य तितकी सकाळची घ्या, कारण ती वापरली की ॲपमधून चौथी घेता येते. दुसरी-तिसरीच्या मध्ये जेवणासाठी खरंखुरं अंतर ठेवा. दुपारची राइड पहिल्या राइडच्या जवळपासचीच निवडलीत तर पायपीट वाचते. पार्कचा नकाशा ॲपमध्येच असतो.

उशीर होतोय असं वाटलं तर धावू नका, ॲप उघडा. वेळ संपायच्या आत असाल तर तिथेच नंतरची वेळ मिळते का बघता येतं, जागा असेल तर बदलते. हे काम वेळ संपायच्या अर्धा तास आधी करायचं, पाच मिनिटं आधी नाही. वेळ गेलीच, तर पार्कात निळ्या छत्रीखाली मदतनीस उभे असतात, त्यांना शांतपणे सांगून बघा. मिळालं तर मिळालं. तिथे आवाज चढवून आजवर कोणाचं काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

राइडच बंद पडली तर ती तुमची चूक नसते. पास आपोआप बदलतो आणि ती राइड पुन्हा सुरू झाल्यावर किंवा ठरवून दिलेल्या इतर राइडवर वापरता येतो. जून ते सप्टेंबर तिकडे दुपारी विजा कडाडतात आणि उघड्यावरच्या राइड थांबवतात, म्हणून त्या सकाळच्या वेळांत घ्या, छताखालच्या दुपारी.

बाळ सोबत असेल तर दारावरच 'रायडर स्विच' मागा. एक मोठा माणूस बाळाला घेऊन बाहेर थांबतो आणि बाकीचे आले की पुन्हा रांग न लावता आत जातो. फक्त हे राइडच्या दाराशी, टॅप करण्याआधी विचारायचं.