चौघे-पाच जण मिळून हसवतात तो सिनेमा कसा तपासायचा

पहिल्यांदा बघताना वही नको. चार माणसं जमवा आणि हसून घ्या. दुसऱ्या वेळी पानावर तीन रकाने आखा: कितवं मिनिट, हसवलं कोणी, कशावर. उदाहरणाला १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' बरा, कारण तो अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे.

आधी मूळ थाप शोधा. घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार आणि भाडेकरू तर चार बाप्ये. म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. पुढची भानगड बाहेरून कोणी आणून टाकत नाही, ती याच थापेच्या पोटातून निघते. पार्वतीला, म्हणजे साडीतल्या परश्याला, दिवस गेले म्हटल्यावर डोहाळजेवण आलंच! विक्षिप्तपणा हवा तेवढा चालतो, पण त्याला आतून काहीतरी नियम लागतो. दर वीस मिनिटांनी नवा योगायोग लागत असेल, तर पटकथेची दमछाक झाली आहे असं खुशाल लिहा.

मग संवाद ऐकताना पडद्याकडे पाठ करा आणि आवाज बाजूला ठेवून निव्वळ शब्दांवरून बोलणारा ओळखता येतो का ते बघा. धनंजय माने (अशोक सराफ) बिनदिक्कत थाप ठोकतो, परश्या (लक्ष्मीकांत बेर्डे) ती निस्तरताना घामाघूम होतो. अशोक सराफ चेहरा सरळ ठेवतात, म्हणून लक्ष्मीकांत बेर्डेंची धांदल दुप्पट वाटते. सगळेच एका पट्टीत ओरडू लागले की कोणीच हसवत नाही. मराठी विनोदी सिनेमाचा हा जुनाच आजार.

आता रकाने मोजा. चौघांतल्या शंतनूच्या नावापुढे खुणा कमी पडतील. तो दोष धरू नका, धुमाकुळात एक शहाणा लागतोच. नायिकांचं मात्र वेगळं. त्या प्रसंग घडवतात की नुसत्या फसतात? माधुरी धनंजयची नोकरीतली मालकीण आहे, तिचा हुकूम चालतो, म्हणून ती ठसते. बाकीच्या तिघींना तेवढं काम दिलेलं नाही. ही कमतरता लिहायलाच हवी, सिनेमा कितीही लाडका असला तरी.

साडीतल्या पुरुषाचे विनोदही दोन ढिगांत वेगळे करा. पकडलं जाण्याच्या भीतीवरचे आजही टिकतात, नुसत्या साडीवरचे लवकर शिळे होतात.

शेवटाला घड्याळ लावा. बिंग फुटल्यापासून माफी मिळेपर्यंत किती मिनिटं जातात आणि त्यात फसलेल्या माणसाला नीट रागावू दिलंय का, तेवढं टिपा.