थंडीत हायब्रिड गाडी कुरकुरते तेव्हा
डिसेंबरातल्या पहाटे गोव्यात मिरामारला दवात भिजलेली हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) सुरू केली, की बॅटरी भरलेली असूनही इंजिन घरघरतं. घाबरू नका, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापला की शांत होतं.

चाकांतून खर्रखर्र येत असेल तर ब्रेक डिस्क बघा. तांबूस थर अलॉयच्या फटींतूनही दिसतो. एक तर आमची हवा खारी, त्यात हायब्रिडचा वेग बराचसा मोटरच कमी करते. पॅड कमी घासतात, गंज तसाच राहतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, चार-पाचदा जरा दाबून ब्रेक मारा. तरीही लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर पॅड संपले असणार. त्या गाडीने चोर्ला घाट उतरू नका.

मागच्या सीटजवळची शिट्टी मात्र बहुधा बॅटरीच्या पंख्याची. जाळीतली धूळ काढा.