डबल स्लिटमधी (उजेड दोन बारीक फटींतून जातो तो प्रयोग) फ्रिंज (पडद्यावरचे उजेड-अंधाराचे पट्टे) मोजतानी 7 च्या जागी 8-9 येत असन तर

गणित असं का स्लिटमधलं अंतर डी 0.4 मिमी, स्लिटची रुंदी ए 0.1 मिमी, डिफ्रॅक्शनच्या (एका फटीतून उजेड पसरते त्याच्या) मधल्या पट्ट्यात ब्राइट फ्रिंज किती. माझं कधी 8 कधी 9, उत्तर 7. युनिट तीनदा तपासले, तरंगलांबी बदलून पायली (ती कटूनच जाते म्हना). डोकं आउट झालं राजेहो.

आता आधी सिंगल स्लिटचा पहिला अंधार लिवतो, ए साइन थीटा बरोबर लॅम्डा (थीटा मंजे कोन, लॅम्डा मंजे तरंगलांबी), मग त्याच थीटाले डबल स्लिटचा उजेड, डी साइन थीटा बरोबर एम लॅम्डा (एम मंजे मधलीपासून कितवी फ्रिंज), भागलं का एम = डी/ए = 4. मंजे चौथी फ्रिंज बरोबर अंधारावर पडते, दिसतच नाई, तिले मोजाचंच नाई! इकडं 3, तिकडं 3, मधली 1. भागाकार 4.5 आला तर कडेवर कोनीच नाई, मंग 4, 4 अन् मधली, 9.