गाण्यांसाठी हार्ड डिस्क आतली की बाहेरची? कोकणात या चुका टाळा

चतुर्थी पंधरा दिवसांवर आली की मंडळाची जुनी भजनं, गेल्या वर्षीची डबलबारी, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेलं काहीबाही शोधायला कपाटातली डिस्क बाहेर निघते. जोडली की ती विचारते, फॉरमॅट करायची का? मग 'बाहेरच्या डिस्क असल्याच तकलादू, आतलीच घ्यायला हवी होती' अशी चर्चा सुरू होते. खरं तर दोन्हींच्या पोटात बहुतेक वेळा एकच यंत्र असतं. फरक पडतो तो वीज कुठून मिळते, जोडणी किती वेळा काढली-घातली जाते आणि डिस्क कुठल्या हवेत पडून राहते यामुळे. किनाऱ्यावर डिस्क मरतात त्या याच तीन कारणांनी.

आकार अंदाजाने ठरवणं

दुकानात जाण्याआधी पाच मिनिटं गणित करा. सीडीच्या दर्जाची स्टीरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी घेते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर मिनिटाला सव्वासतरा एमबी, म्हणजे तासाला 1 जीबीहून थोडं जास्त. 320 केबीपीएसची एमपी3 मिनिटाला 2.4 एमबीत बसते. नव्वद मिनिटांच्या 200 कॅसेट 24 बिटमध्ये उतरवल्या तर सुमारे 310 जीबी होतात. फ्लॅक या दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये ठेवल्या तर साधारण अर्ध्या-पाऊण जागेत मावतात आणि आवाजात काहीच हरवत नाही. पाच तासांचा दशावतार आठ वेगळ्या ट्रॅकवर घेतला तर एका रात्रीचे 21 जीबी.

512 जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज प्रत्यक्षात 476 दाखवतं, आणि त्यातही स्वतःचा वाटा आधीच घेऊन बसलेलं असतं. 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी. मात्र ऑनलाइन हजार-दीड हजारात '16 टीबी' एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) दिसली तर ती खोटीच समजा. आत छोटं मेमरी कार्ड असतं. ते खोटा आकार सांगतं आणि जागा संपल्यावर आधीच्या गाण्यांवरच नवी लिहीत सुटतं. नवी कोरी डिस्क 'एच2टेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून, वाचून तपासा. वेळ लागतो, पण डिस्क परत करण्याच्या मुदतीत कळतं.

'बाहेरच्या डिस्कवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला'

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. लॅपटॉप भरला म्हणून गाणी कट-पेस्ट करून बाहेरच्या डिस्कवर हलवली, तर प्रत एकच राहिली. फक्त तिचं घर बदललं. तेही अशा घरात, जे पिशवीतून फिरतं, टेबलावरून पडतं आणि ज्याची केबल पायात अडकते.

आमचं मत सरळ आहे. ज्यावर रोज काम चालतं ते आत, शक्यतो एसएसडीवर. पूर्ण संग्रह बाहेरच्या साध्या हार्ड डिस्कवर, आणि तशाच दोन डिस्कवर. पैसे एकाच मोठ्या डिस्कला पुरत असतील तर तिच्याऐवजी लहान दोन घ्या.

कट-पेस्ट टाळा, कॉपी करा. टेराकॉपीसारख्या प्रोग्राममध्ये 'व्हेरिफाय' चालू ठेवलं की कॉपी झालेली फाइल पुन्हा वाचून ताडून पाहिली जाते. मूळ फाइल पुसायची असेल तर त्यानंतरच.

खारी हवा फक्त बिजागऱ्यांना गंजवते असं समजणं

मालवण, वेंगुर्ला, गुहागर, किनाऱ्यावर कुठेही राहा; दारं-खिडक्यांच्या स्क्रूचं जे होतं तेच यूएसबीच्या पोर्टचं होतं. बाहेरच्या डिस्कचा रुंद, दोन भागांचा मायक्रो-बी पोर्ट टॉर्चच्या उजेडात तिरका धरून बघा. कडेच्या पत्र्यावर तपकिरी ठिपके, पिनांच्या मुळाशी पांढुरकी किंवा हिरवट पूड दिसली तर रोग तिथेच आहे. लक्षणंही ठरलेली: डिस्क जोडल्यावर दिसते, कॉपी सुरू झाली की गायब होते, विंडोजचा तो 'टुडूंग' आवाज पुन्हा पुन्हा येतो, केबल जरा वाकडी धरली की चालते.

उपाय असा. डिस्क सोडवा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब मऊ ब्रशवर घ्या, पोर्ट आणि केबलची पिन दोन्ही हलक्या हाताने साफ करा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. खोबरेल तेल किंवा सेंट नको. सॅनिटायझर तर नकोच, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. मग नवी, अर्ध्या मीटरच्या आतली केबल लावा. बऱ्याच 'मेलेल्या' डिस्क इथेच जिवंत होतात.

आता इथे एक मेख आहे. बऱ्याच अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट डिस्कच्या मूळ बोर्डावरच झाळलेला असतो. आत साटाची जोडणी, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरच्या आत लावायची नेहमीची जोडणी, नसतेच. म्हणजे पोर्ट तुटला तर 'डिस्क काढून कॉम्प्युटरच्या आत लावू' हा बेत फसतो. वेगळं केसिंग (डिस्क बसवायचं बाहेरचं कवच) आणि त्यात साटाची साधी डिस्क असा जोड घेतला तर केसिंग गंजलं तरी आतली डिस्क निघते. किनाऱ्यावर आम्ही तोच सुचवू.

आतली डिस्कही यातून सुटत नाही. डेस्कटॉपमध्ये साटा केबलच्या पिना काळवंडतात किंवा सैल होतात. डिस्कची तब्येत दाखवणारा 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा प्रोग्राम उघडा आणि सी7 या ओळीतला आकडा (केबलमधून माहिती चुकीची पोचल्याची मोजणी) बघा. तो वाढत असेल तर डिस्क ठीक असून केबल वाईट असण्याचीच शक्यता जास्त. केबल बदला. जुना आकडा खाली येत नाही, फक्त पुढे वाढायचा थांबला की झालं.

पावसाळ्यात कपाटात गुंडाळून ठेवणं

जूनमध्ये मखमली पाउचात घालून ठेवलेली डिस्क थेट सप्टेंबरात काढायची, ही पद्धत सोडा. पाउच ओल धरून ठेवतो. तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको. तांदूळ ओल फारशी शोषत नाही आणि पीठ पोर्टात जातं.

दोन लिटरचा, रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. त्यात 50 ग्रॅम सिलिका जेल आणि डिस्क. रंग बदलणारे दाणे घ्या: नारिंगी दाणे ओल भरल्यावर हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा वापरता येतात. निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. डबा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको, आतल्या भिंतीकडे ठेवा.

महिन्यातून एकदा डिस्क अर्धा तास चालवा. एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून आणली असेल तर डबा न उघडता तासभर तशीच राहू द्या. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं.

एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे धक्का तिला सोसतो, पण वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहणं सोसत नाही. फिरवायला ती, जपून ठेवायला साधी हार्ड डिस्क.

वीज गृहीत धरणं

अडीच इंची बाहेरची डिस्क यूएसबीवरच चालते. जुन्या काळ्या यूएसबी 2.0 पोर्टला 500 मिलिअँपिअर देण्याचं बंधन, 3.0 ला 900. डिस्क सुरू होताना जास्त ओढते, म्हणून डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर, लांब केबलने लावली की ती टिकटिक करून थांबते. मागच्या पोर्टला थेट लावून पाहा. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. त्यावर नाव लिहून ठेवा. राउटरचा आणि डिस्कचा अडॅप्टर दिसायला सारखे असतात.

आतल्या डिस्कचा शत्रू म्हणजे अचानक जाणारी लाईट. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर मागचा खटका 'यूपीएस' मोडवर आहे का ते पाहा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला इतका वेळ जातो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. मात्र यूपीएस मोड साधारण 180 व्होल्टच्या खाली वीज गेली की बॅटरीवर जातो, आणि वाडीच्या टोकाच्या घरांत संध्याकाळी तेवढी वीज उतरते. म्हणून रेकॉर्डिंगचं काम दुपारीच उरकलेलं बरं.

वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढा आणि डिस्कही सोडवा. चार्जरमधून आलेला झटका लॅपटॉपमार्गे तिच्यापर्यंत पोचतो.

कार्यक्रमात बाहेरची डिस्क लावून वाजवणं

बेसच्या खोक्यावर लॅपटॉप, शेजारी फिरती डिस्क, हे दृश्य शिमग्यापासून विसर्जनापर्यंत सगळीकडे दिसतं. बेसच्या हादऱ्याने वाचणारं डोकं जागेवर ठरत नाही आणि गाणं अडखळतं. चालत्या टेम्पोत तर खड्ड्यागणिक धोका. त्या दिवशी लागणारी गाणी आतल्या एसएसडीवर कॉपी करून घ्या. वेगाचा प्रश्न नाहीच: 16 ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला अडीच एमबीही लागत नाहीत. शांततेनंतर पहिलं गाणं पाच-दहा सेकंदांनी सुरू होत असेल तर डिस्क झोपते आहे. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क' शून्यावर आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

डबलबारी मध्येच तुटणं

फॅट32 (डिस्क फॉरमॅट करण्याची जुनी पद्धत) वर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही, आणि साध्या वेव्ह फाइलची मर्यादाही तेवढीच. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ स्टीरिओमध्ये ती बरोबर 4 तास 8 मिनिटांनी संपते, म्हणजे दुसऱ्या बुवांची बारी रंगात आली असताना. काही रेकॉर्डर आपोआप नवी फाइल सुरू करतात, काही नुसते थांबतात. आधी घरी चालवून बघा, नाहीतर मध्यंतरात स्वतः नवी फाइल सुरू करा. संग्रहाच्या डिस्कला फॉरमॅट विंडोजसाठी एनटीएफएस, मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटची डिस्क न सोडवता उपटली तर मार जास्त बसतो, 'इजेक्ट' केल्याशिवाय काढू नका.

'फॉरमॅट'वर होय म्हणणं

रद्द करा. मग क्रमाने: दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर. तरी तेच असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 05 (खराब म्हणून बदललेले भाग) आणि सी5 (नीट वाचता न येणारे, संशयित भाग) बघा. दोन्ही शून्य असतील तर यंत्र बहुधा ठीक आहे आणि फाइलची यादी बिघडली आहे. रिकव्हरी प्रोग्रामने गाणी दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याच डिस्कवर कधीच नाही. सी5 शून्याच्या वर असेल तर दुरुस्तीची आज्ञा देऊ नका. कुठेच मिळणार नाहीत ती रेकॉर्डिंग आधी कॉपी करा, बाजारात मिळणारी गाणी नंतर. कट-कट आवाज येत असेल तर वीज तोडा. तिथून पुढे काम रिकव्हरीवाल्याचं.

कॉपी सेकंदाला 110 एमबीवरून 25 वर घसरली तर घाबरू नका, पोर्टेबल डिस्क मोठ्या कॉपीत अशाच दमतात. सुरुवातीपासूनच 35 असेल तर पोर्ट यूएसबी 2.0 आहे, 300 जीबीला पाऊण तासाऐवजी अडीच तास धरा.

दोन्ही प्रती एकाच घरात

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा खालच्या मजल्यावरचा लॅपटॉप काय आणि शेजारची डिस्क काय, दोन्ही एकाच पाण्यात गेलं. भिजलेली डिस्क सुरू करू नका, उघडू नका, हेअर ड्रायर मारू नका.

दुसरी प्रत मुंबईच्या चाकरमान्यांकडे ठेवा. ते शिमग्याला आणि गणपतीला येतातच, तेव्हा डिस्क बदलायची. एकीचं नाव 'गाव', दुसरीचं 'मुंबई', केसिंगवर मार्करने तारीख. अदलाबदलीच्या दिवशी दोन्ही एकाच वेळी जोडू नका. आधी प्रत्येकीचा आकार आणि फाइलींची संख्या कागदावर टिपा, मग लॅपटॉपवरून जुन्या तारखेच्या डिस्कवर कॉपी करा. घाईत उलटी कॉपी होते ती याच दिवशी, आरतीला हाक आलेली असताना.