अळी मेली का बघू नका, खाते का ते बघा

हरभऱ्यावर 5 टक्के निंबोळी अर्क मारला की दुसऱ्याच दिवशी गावातून कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, घाटेअळी तर जितीच आहे की!" असणारच. कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन झटक्यात मारत नाही. अळीला पान नकोसं होतं, आणि जे थोडं पोटात जातं ते कात टाकायच्या संप्रेरकांत गोंधळ घालतं. जुनी कात नीट सुटत नाही, अळी खुजी राहून काही दिवसांनी मरते.

म्हणून फवारणी अळी बारीक असतानाच, शेत निम्मं फुलावर आलं की. घाट्यात डोकं खुपसून मागचं धड बाहेर ठेवून बसलेल्या मोठ्या अळीवर अर्काचा फारसा जोर चालत नाही.

15 लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळी लागते. पावसाळ्याच्या तोंडाला वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवलेली घ्या. गेल्या सालची बुरशी धरलेली नको. ती भरडून दीडेक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दुहेरी फडक्यातून पिळा, चोथ्यावर थोडं पाणी घालून परत पिळा. पाणी दुधासारखं दिसायला हवं. फडकं विरळ असलं की नोझल तुंबतं आणि अर्धी संध्याकाळ त्यातच जाते. अर्कात पाणी घालून 15 लिटर करा. 30 ग्रॅम साबणाचा चुरा आधी वेगळा विरघळवून मिसळा, म्हणजे अर्क पानाला धरतो. उन्हानं अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, तेव्हा ऊन उतरल्यावर मारा आणि त्याच दिवशी संपवा.

हरभरा स्वतःही लढतो. पहाटे पायाला चिकटते त्या आंबेत, म्हणजे पानांवरच्या आंबट दवात, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. ऑक्झॅलिकनं अळीची वाढ मंदावते. दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटकही आहेत, पण घाटेअळी पक्की बेरकी: ती पाचकरस बदलते आणि ते घटकच पचवून टाकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अभ्यासात कारल्याच्या बियांतले असे घटक तिला जास्त जड गेले. म्हणून उद्या कारल्याच्या बिया वाटून फवारू नका, ते काम प्रयोगशाळेतलं आहे.

चार-पाच दिवसांनी झाडाखाली पांढरं फडकं अंथरून झाड हलवा. पडलेल्या अळ्या मोजा, पानांवर ओली हिरवी लेंडी आहे का बघा. लेंडी वाळलेली आणि अळ्या तेवढ्याच बारीक असतील तर थांबा. ओळीच्या मीटरभरात एक-दोन धष्टपुष्ट अळ्या दिसल्या तर एचएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला रोग लावून मारणारा विषाणू, आणून फवारा, तोही संध्याकाळीच.