पूर बचावाच्या ट्रेनिंगमधल्या या चुका टाळा (आणि मे महिन्यातच टाळा, जुलैत वेळ नसतो)

कोल्हापुरात पाऊस लागला की शेंबडं पोरगंसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगतं. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, 2019 ला 55 च्या वर गेलं, 2021 ला 56 पण पार केलं. आकडे सगळ्यांना पाठ. पण लाईफ जॅकेटचा खालचा पट्टा कुठून कुठं जातो ते विचारा, निम्मी बॅच एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसते. बरीच वर्षं पावसाळ्याआधी हे ट्रेनिंग देतोय, तलाठी, कोतवाल, होमगार्ड, फायरची पोरं, आपदा मित्र म्हणजे आपत्तीत मदतीला येणारे स्वयंसेवक असे सगळे असतात, आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेळ सांगून केलेलं मॉक ड्रिल. सकाळी 11 ला साहेब येणार, मंडप, पाण्याच्या बाटल्या, बोट आदल्या दिवशीच धुऊन पुसून तलावाच्या काठावर, इंजिन आधीच दोनदा चालू करून बघितलेलं, बुडणारा माणूससुद्धा पट्टीचा पोहणारा. दहा मिनिटांत "बचाव" झाला, टाळ्या, फोटो, चहा. याला मी ट्रेनिंग म्हणत नाही, हे गॅदरिंग झालं.

एका वर्षी मी हट्टानं न सांगता ड्रिल लावलं. ठिकाण सांगत नाही, तालुक्याचं गाव समजा. पहाटे पाचला फोन केला की पाणी वाढलंय, बोट काढा. पोरं आली, खरं सांगायचं तर बऱ्यापैकी लवकर आली. गोडाऊनची चावी मिळायला पाऊण तास गेला ते एक सोडा. बोट पाण्यात टाकली, ओबीएम म्हणजे मागचं इंजिन लावलं आणि दोरी ओढायला सुरुवात. एक दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा. कुणी म्हणतंय पेट्रोल जुनं आहे, कुणी म्हणतंय प्लग काळा झालाय, एकानं तर प्लग काढून शर्टाला पुसला पण. मी गप्प उभा. वीस मिनिटांनी एका होमगार्डच्या पोरीनं विचारलं, "सर, ती लाल दोरी कुठाय?"

लाल दोरी म्हणजे किल स्विचची क्लिप. ती जागेवर नसेल तर इंजिन काय केलं तरी चालू होत नाही, आणि चालवणाऱ्यानं तिचं दुसरं टोक मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं असतं, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं आणि पंखा त्याच्याच अंगावर येत नाही. ती क्लिप होती कुठं? स्टोअर बघणाऱ्या मामांच्या चाव्यांच्या जुडग्यात, हरवू नये म्हणून जपून ठेवलेली, आणि मामा गडहिंग्लजला भाचीच्या लग्नाला. मामांचा दोष नाही, त्यांना ती काय आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंगला बोट चालवणारे बोलावले होते, बोट सांभाळणारा नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की स्टोअरवाला पहिल्या रांगेत बसणार. आणि क्लिपा दोन, एक चालवणाऱ्याकडं आणि एक इंजिनाच्या हँडललाच तारेनं बांधलेली. पुस्तकात असं आहे का नाही, देव जाणे, मी असं करतो.

इंजिनावरच आहे तर अजून एक. काठावर, पाण्याबाहेर "जरा चालू करून बघतो" म्हणणारा एक तरी शहाणा प्रत्येक बॅचमध्ये असतोच. बाबा रे, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा आतला रबरी पंखा पाण्यावरच थंड राहतो, कोरडा फिरवला की मिनिटभरात जळून जातो. मोठा ड्रम भरून त्यात बुडवून चालू कर, आणि मागून पोरगं मुतल्यासारखी बारीक धार आली पाहिजे. धार नाही तर लगेच बंद. पेट्रोलमध्ये ऑईल किती ते मशीनच्या पुस्तकात बघा, आमच्याकडच्या टू-स्ट्रोकला लिटरला 20 मिली लागतं. मागच्या पावसाळ्याचं पेट्रोल टाकीत तसंच ठेवून यंदा चालवू बघणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आता लाईफ जॅकेट. घालायला काय शिकायचंय, असं तोंडावर म्हणतात मला. एकदा तलावावर असाच एक गडी, चांगला तालमीत कमावलेला, पुढची बकलं लावली, पायातला पट्टा तसाच लोंबकळत ठेवला, आणि आमचं बोलणं संपायच्या आत मारली उडी. पाण्यात पडला तो, जॅकेट वर राहिलं. कानापर्यंत आलं, दोन्ही हात वर, तोंड जॅकेटच्या आत, पोहता येत असून गडबडला. दोघांनी ओढून काढला. थांबलेल्या पाण्यात ही गत, मग पंचगंगेच्या ओढीत काय होईल? माझी सवय एकच, बोटीत बसायच्या आधी प्रत्येकाच्या मागं जाऊन दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर खेचायचं. हनुवटीच्या वर आलं की परत काढून परत घाल. लोक हसतात, हसू देत. आणि जॅकेट उशाला घेऊन झोपू नका, त्यावर बसू नका, आतला फोम दबला की ते तरंगायचं कमी होतं. गोडाऊनमध्ये उंदरांनी कुरतडलेली जॅकेटं मेमध्येच बाजूला काढा.

बाकीच्या पटापट सांगतो.

पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोरीची पक्की गाठ मारू नका. ओढीत दोरी ताणली की तो तिच्यामुळंच खाली जातो.

आधी काठी पुढं करा, मग दोरी फेका, मग बोट, आणि स्वतः उडी सगळ्यात शेवटी. सिनेमा बघून आलेल्यांना हे उलटं पाठ असतं.

उसाच्या रानावरनं बोट नेऊ नका, पाला पंख्यात गुंतला की बोट तिथंच गोल फिरते. आणि मान वर ठेवा, पाणी चढलं की विजेच्या तारा डोक्याला लागतील एवढ्या खाली येतात. महावितरणकडून लाईन बंद केल्याचं पक्कं कळल्याशिवाय त्याखालून जायचं नाही.

बोटीत चढताना माणसं मोजा, उतरताना परत मोजा, आणि आकडा तोंडी नको, कागदावर. क्षमतेपेक्षा एकही जास्त नको, मग तो सरपंच असला तरी. 2019 ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ते विसरलात काय?

बुडालेल्याला बाहेर काढला की पोट दाबणं, पालथा टाकणं, पाय धरून उलटा करणं, हे प्रकार अजून चालू आहेत, तेही ट्रेनिंग घेतलेल्यांकडून! पोटातलं पाणी काढत बसलात की उलटी श्वासनलिकेत जाते आणि वेळ जातो तो वेगळाच. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीवर मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं 30 दाब, परत 2 श्वास, आणि कुणालातरी 108 लावायला सांगा. पुतळ्यावर दोन मिनिटं सलग करून बघा, घाम फुटतो. पाचव्या दाबाला "आलं सर" म्हणून उठणाऱ्याला मी परत बसवतो.

"एनडीआरएफ येईल की" हेही डोक्यातनं काढा. ती पोरं भारी आहेत, प्रश्नच नाही, पण ती पुण्याकडनं येणार, आणि 2019 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. पहिले काही तास तुम्ही आणि गावातली पोरंच.

आणि एक गोष्ट कुणी शिकवतच नाही, ती म्हणजे घर सोडायला तयार नसलेला माणूस. चिखली, आंबेवाडी, तिकडं शिरोळ भाग, कुठंही जा, "2005 ला हिथवर आलं न्हवतं" हे ऐकायला मिळायचंच. 2019 ला ते वाक्य खोटं पडलं, मग 2021 ला "2019 ला हिथवर आलं न्हवतं" सुरू झालं. आणि घर एकवेळ सोडतील, म्हस सोडणार नाहीत. यावर भाषण देऊन उपयोग नसतो, जनावरं कुठं बांधणार, वैरण कोण देणार ते आधी ठरवून सांगावं लागतं. म्हणून मी रोल प्ले घेतो. गेल्या वेळी म्हातारीचा रोल एका रिटायर हवालदाराला दिला. डोक्यावर टॉवेल घेऊन बसला गडी. पोरांनी हात जोडले, दम दिला, पुराचे जुने फोटो दाखवले, एकानं तर उचलून न्यायचा प्रयत्न केला तर त्याला काठी मिळाली. अर्धा तास गेला. शेवटी मघाचीच ती लाल दोरीवाली पोरगी शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, म्हशीचं नाव काय?"

हवालदार उठला.