सापांची रॅक घेताय? स्वस्त-महागाचा हिशोब इथे चुकतो, या चुका टाळा

सापाचा डबा रॅकच्या खणात होता, नीट आत सरकवलेला होता आणि डब्यात नुसता वर्तमानपत्राचा कागद. रात्री साडेदहाला ठेवलेला कवड्या पहाटे दाराच्या वरच्या बिजागरीवर वेटोळं घालून बसलेला सापडला. बिनविषारी साप, म्हणून आधी हसू आलं. मग आठवलं की त्याच रॅकमध्ये दोन खण खाली मण्यार आहे, आणि त्याच्या डब्यावरही तेवढीच फट आहे.

ही आमची पहिली रॅक. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात सर्पमित्र म्हणून काम करताना जखमी किंवा अपरात्री पकडलेला साप वन विभागाला कळवून एखाद-दोन रात्री सांभाळावा लागतो. तेवढ्यापुरतीच ती केली. आपल्याकडचे साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, तेव्हा ‘घरी दोन धामणी ठेवतो’ म्हणणाऱ्यांसाठी हा लेख नाही. बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी आधी, रॅक नंतर.

किंमत विचारली, हिशोब केला नाही

रॅक म्हणजे उभा सांगाडा, त्यात एकाखाली एक खण आणि प्रत्येक खणात ड्रॉवरसारखा सरकणारा प्लास्टिकचा डबा. विकणारा सांगतो ती किंमत बहुतेक वेळा नुसत्या सांगाड्याची असते. समजा, दहा खणांची रॅक ९,००० रुपयांना मिळते आहे. डबे वेगळे, ३५० रुपयांचा एक, म्हणजे ३,५००. तापमानाचा कंट्रोलर १,२००. ट्रान्सपोर्ट १,५००. झाले १५,२००, म्हणजे खणामागे १,५२० रुपये. दुसरा माणूस डबे आणि कंट्रोलरसह घरपोच १४,००० सांगतो. आकडा ऐकून महाग वाटते तीच रॅक खणामागे १,४०० रुपयांना पडते. त्यामुळे दर विचारायचा तो खणाचा, सगळं धरून.

त्याहून मोठी मेख डब्यात आहे. रॅक एका ठरावीक डब्याच्या मापानं बनते. डबे उन्हानं कडक होतात, कोपऱ्यात तडकतात, दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात. तोवर त्या कंपनीनं तो साचाच बंद केलेला असतो. नवा डबा जुन्यासारखाच दिसतो, पण उंचीला थोडा कमी भरतो आणि वर फट राहते. आमचा कवड्या असाच निसटला. म्हणून रॅक घेतानाच चार-पाच डबे जास्तीचे घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेत असाल तर आधी बाजारात सहज मिळणारा डबा निवडा आणि तो त्याच्या पुढ्यात ठेवूनच माप घ्यायला लावा. आमच्या वेल्डिंगवाल्याला मी नुसतं तोंडी माप सांगितलं होतं. तो म्हणाला, “भाऊ, सापाले काय लागते गा? कोंबड्यायच्या खुराड्यासारखंच करून देतो.” आणि अगदी तसंच करून दिलं. चूक माझी.

झाकण नसलेल्या रॅकमध्ये विषारी साप

बऱ्याच तयार रॅकमध्ये डब्याला झाकण नसतं, वरच्या खणाचा तळ हेच झाकण. बॉल पायथनसारख्या संथ, बिनविषारी सापाला ते चालतं. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांना अजिबात नाही. डबा ओढला की तो उघडाच हातात येतो, आत साप कुठे बसलाय हे कळायच्या आत. विषारी सापाला प्रत्येक डब्याला स्वतःचं, खटक्यांचं झाकण हवं, वर कुलपाची पट्टी हवी आणि डबा पारदर्शक हवा. यात पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

फटीसाठी माझी कसोटी साधी आहे. शाळेची पेन्सिल फटीत गेली तर रॅक नापास. कवड्या तर गुळगुळीत भिंतीवरही चढतो, त्याला डब्याची कड म्हणजे पायरीच.

हवेची भोकं आतून बाहेर पाडा. बाहेरून ड्रिल मारलं तर आतल्या बाजूला धार राहते आणि साप रात्रभर नाक घासून तोंड सोलून घेतो. तारेची जाळी लावली तरी तेच होतं. सापाचं नाक लाल दिसलं तर औषधाआधी डब्याची आतली बाजू बोटानं चाचपून पाहा.

गरम करण्यावर खर्च, थंड ठेवण्यावर शून्य

जाहिरातीतली महाग रॅक महाग असते ती मुख्यतः हीटिंग पट्टीमुळे. थंड प्रदेशात ती लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा जखमी सापाला किंवा बॉल पायथनला तिचा उपयोग आहे. पट्टी डब्याच्या मागच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी, म्हणजे बॉल पायथनला एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ मिळतात आणि कुठे बसायचं ते तो ठरवतो. कंट्रोलरचा सेन्सर डब्यात सैल टाकू नका. सापानं तो पाण्याच्या वाटीत ढकलला तर कंट्रोलरला वाटतं थंडी आहे, आणि पट्टी तापतच राहते. सेन्सर पट्टीवरच पक्का चिकटवा. लोडशेडिंगनंतर लाइन आली की कंट्रोलरची सेटिंग तीच आहे ना, हे एकदा प्लग काढून, लावून तपासा. काही स्वस्त कंट्रोलर ती विसरतात.

पण विदर्भात साप थंडीनं नाही, मे महिन्यातल्या दुपारीनं मरतो. पत्र्याच्या खोलीत आमची रॅक होती. भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३४ दिसत होतं, म्हणून मी निर्धास्त. दुपारी लाइन गेली, कुलर बंद पडला. तीन वाजता वरच्या खणातली धामण तोंड उघडून, अंग सैल टाकून पडलेली दिसली. त्या डब्यात थर्मामीटर ठेवला तर ३९. तिला बाहेर काढून माठाजवळच्या ओलसर फरशीवर सावलीत ठेवलं, तासाभरानं जीभ बाहेर येऊ लागली. वाचली. त्या दिवसापासून वरचे दोन खण मार्च ते जून रिकामेच असतात आणि थर्मामीटर भिंतीवर नाही, सर्वात वरच्या वापरातल्या डब्यात असतो. रॅक मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवली. त्याला एक रुपयाही लागला नाही.

कुलरची हवा थेट रॅकवर सोडू नका. जून अर्धा झाला की बाहेरची दमट हवा आणि कुलरचं पाणी मिळून डब्याच्या भिंतीवर थेंब जमतात, कागद भिजतो, पोटाखालचे खवले कुजायला लागतात. थेंब दिसले तर भोकं वाढवा, कागद रोज बदला. उलट एप्रिलच्या कोरड्या हवेत कात तुकड्यांत निघते, कधी डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहतो. तेव्हा डब्यात ओल्या शेवाळाची किंवा ओल्या फडक्याची एक छोटी डबी ठेवा. पापुद्रा नखानं काढायला जाऊ नका.

बारीकसारीक

प्लायची रॅक दिसायला छान, पण एका पावसाळ्यात फुगते, उधई लागते आणि सांध्यात गेलेली घाण निघत नाही. त्यापेक्षा लोखंडी अँगलचा सांगाडा बरा. खणांच्या पट्ट्यांना कापलेली धार राहू देऊ नका. रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पूर्वी दुधाच्या जाळीच्या कपाटाला ठेवायचे तसे. जखमी सापाला मुंग्या लागल्या तर रात्रीत अंग पोखरतात. डबे धुवायला फिनाइल नको, त्याचा सापांना विषारी परिणाम होतो. पातळ ब्लीचनं पुसून, वास जाईपर्यंत धुवून उन्हात वाळवा.

रॅकचे डबे म्हणजे सापाचं कायमचं घर, हे मला पटत नाही. ज्यात साप अंग सरळ करू शकत नाही तो डबा दोन-चार रात्रींपुरता ठीक. नोंदणीचा पाळीव साप असेल तर त्याला मोठी पेटी करा.

आमच्या प्रत्येक डब्यावर आता पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. सापाचं नाव, पकडल्याचं ठिकाण, तारीख, आणि विषारी असेल तर लाल पेनानं फुली. पट्टी कोरी असेल तर डबा रिकामा आहे असं आमच्याकडे कुणी समजत नाही. आधी टॉर्च मारून पाहतात.